सुरवंट मोजायला बोटीने

मी फुलपाखरं मोजायला जाते असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येत असेल ते मला आता माहितीये. छान ऊन, हिरवं कुरण, हातात जाळी आणि आजूबाजूला काहीतरी रंगीत उडतंय. खरं तर मी एप्रिलमधल्या बोचऱ्या वाऱ्यात, दोन जॅकेटं घालून, समुद्राच्या कडेच्या ढासळलेल्या मातीच्या उतारावर कंबर मोडेस्तोवर वाकून गवतात काळे सुरवंट शोधत असते. फुलपाखरू एकही नसतं. असायचं कारणच नाही, ते बाहेर पडायला अजून महिना दीड महिना असतो.

जागा म्हणजे आईल ऑफ वाइट, इंग्लंडच्या दक्षिणेला साउथॅम्प्टनसमोर जे बेट आहे ते. आणि ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग ते फुलपाखरू म्हणजे ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी. आकाराने फार मोठं नाही, पंख पसरले तर चार साडेचार सेंटिमीटर, वरून केशरी तपकिरी आणि त्यावर काळ्या रेघांची चौकट चौकट, आपल्याकडचं कॉमन लेपर्ड ज्यांनी पाहिलंय त्यांना लांबून तसलंच काहीतरी वाटेल. पण पंख मिटून बसलं की खालची बाजू बघायची, सायीच्या रंगावर केशरी पट्टे आणि त्यात ओळीने काळे ठिपके, हे एकदा बघितलं की परत चुकत नाही. जगात हे दुर्मिळ वगैरे नाहीये बरं का, फ्रान्समध्ये आहे, फिनलंडमध्ये आहे, पार आशियापर्यंत पसरलंय. ब्रिटनमध्येच तेवढं ते (कुणी मुद्दाम नेऊन सोडलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर) या एका बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटून राहिलंय. चॅनेल आयलंड्सवर आहे म्हणा, पण ती बेटं फ्रान्सच्याच जास्त जवळ. पूर्वी केंटच्या किनाऱ्यावर पण होतं, तिथून एकोणिसाव्या शतकातच गेलं.

मी साउथॅम्प्टनमध्ये फार्मसिस्ट आहे, फुलपाखरांचं कुठलंही शिक्षण वगैरे नाही. कामावरच्या एका मैत्रिणीने एकदा ओढत नेलं, पुढे ती दुसऱ्या गावी गेली आणि मी राहिले. सकाळची रेड जेट नावाची जलद बोट पकडायची, अर्ध्या तासात वेस्ट काऊज, तिथून बसने न्यूपोर्ट, तिथून दुसरी बस दक्षिणेला. आईला रत्नागिरीला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, इथे मागच्या शेवग्यावर पावसाळ्यात एवढे सुरवंट होतात, ते मोज की येऊन. त्यासाठी तिकीट काढून बोटीने कुठे जातेस?" आणि मग लगेच, "पैसे किती देतात?" काही देत नाहीत म्हटल्यावर विषय तिच्यापुरता संपला.

तर आता सुरवंट का मोजायचे ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. या फुलपाखराचं पोरवय जवळजवळ सगळं एकाच झाडावर जातं, झाड कसलं, तणच ते, रिबवर्ट प्लँटेन नावाचं. इथे रस्त्याच्या कडेला, फुटबॉलच्या मैदानावर, कुठेही उगवतं. लांब लांब पानं, त्यावर उठून दिसणाऱ्या उभ्या शिरा, मधून निघालेली काठीसारखी दांडी आणि तिच्या टोकाला तपकिरी बोंडूक. मला ते ओळखीचं वाटायचं आणि का ते कळेना, मग पुस्तकात बघितलं तर हे आपल्या इसबगोलाच्या अगदी जवळच्या नात्यातलं निघालं, म्हणजे ज्याची भुशी मी कामावर बद्धकोष्ठाच्या पेशंटना रोज देते त्याचाच भाऊबंद. सोमवार ते शुक्रवार एक भाऊ आणि शनिवारी दुसरा.

जूनमध्ये मादी या पानाच्या खालच्या बाजूला एकाच पुंजक्यात ५० ते २०० अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की वेगवेगळी होत नाहीत, सगळी मिळून झाडाभोवती रेशमी जाळं विणतात आणि त्याच्या आत बसून खातात, एक झाड संपलं की अख्खी गँग पुढच्या झाडावर. उन्हाळा संपताना जरा जाड, घट्ट विणीचं जाळं करतात आणि त्यात सगळे एकत्र थंडी काढतात. मग फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये ऊन पडलं की बाहेर येऊन जाळ्यावरच ऊन खात बसतात. अंगावर काळे काटे आणि डोकं गडद लाल. शंभरेक जण एकमेकांना चिकटून बसलेले असले की लांबून असं वाटतं कुणीतरी चहाचा चोथा आणून टाकलाय गवतात. काळा रंग उन्हासाठीच, हवा बऱ्यापैकी गार असली तरी यांचं अंग चांगलं तापतं आणि तापल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. म्हणून यांना दक्षिणेकडे तोंड केलेला, वाऱ्यापासून आडोसा असलेला उतार लागतो आणि कोवळं प्लँटेन उघड्या मातीवर लागतं, कारण उघडी माती लवकर तापते. प्लँटेन इंग्लंडभर आहे. असा उतार इंग्लंडभर नाही.

आता उडणारं फुलपाखरू मोजायचं म्हणजे नशिबाचा खेळ असतो. वारा सुटला, ढग आलं, की सगळी गवतात जाऊन बसली, आणि एकच फुलपाखरू तुमच्यासमोरून तीनदा गेलं तर ते तीन धरायचे का एक. सुरवंटांची गँग मात्र बसल्या जागी असते. त्यामुळे वसंतात बाहेर येऊन ऊन खायला लागल्यापासून ते मोठे होऊन पांगायच्या आधीपर्यंत जो थोडा काळ मिळतो तेवढ्यात सगळ्या जागा फिरून जाळी मोजून घ्यायची. मोठे झाले की त्यांना सोबत नको असते, एकेकटे खायला लागतात, मग कुठल्या जाळ्यातला कोण काही कळत नाही. आणि मोजायला ऊन पाहिजेच, ढगाळ असलं की ते आत जाऊन बसतात, शेजारून गेलात तरी दिसायचे नाहीत. इंग्लंड, एप्रिल, शनिवार आणि ऊन या चारही गोष्टी एकत्र येणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

प्रत्यक्ष काम अगदी साधं आहे. नकाशावर तुकडे पाडलेले असतात, एकेक तुकडा घेऊन हळूहळू आडवं चालायचं, पुंजका दिसला की अंदाजे किती जण आहेत ते लिहायचं, फोनवर ग्रिड रेफरन्स, म्हणजे त्या जागेचा नकाशावरचा क्रमांक, घ्यायचा (इथले सगळे एसझेडने सुरू होतात, आता झोपेतही सांगेन), आसपास प्लँटेन किती, गवत किती उंच, झुडपं किती, आणि पुढे. दोन पुंजके अगदी जवळ असले तर ते एकाच घरचे असणार असं धरून एकच लिहायचं आणि शेरा टाकायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथे काही सापडलं नाही तिथे शून्य लिहायचं. नवीन आलेली माणसं शून्य लिहायला फार काचकूच करतात, त्यांना वाटतं आपल्यालाच दिसलं नाही, थोडं अजून शोधूया. पण रिकामा रकाना आणि शून्य यात जमीन अस्मानाचा फरक आहे, रिकाम्या रकान्याचा अर्थ तिथे कुणी गेलंच नाही.

आणि काही ठिकाणी जायचंच नसतं. पाऊस पडून गेल्यावर तर नाहीच. वरच्या भक्कम जमिनीवर उभं राहून दुर्बिणीतून बघायचं, दिसलं ते लिहायचं. कारण हा किनारा चालतोय. अक्षरशः.

बेटाच्या दक्षिण टोकाला व्हेंटनॉर, बॉनचर्च, सेंट लॉरेन्स ही गावं आणि नायटनचा खालचा भाग आहे, आणि हे सगळं अंडरक्लिफ नावाच्या एका जुन्या प्रचंड दरडीवर वसलेलं आहे. वर चॉक आणि ग्रीनसँड, म्हणजे पाणी झिरपू देणारे खडक, आणि त्यांच्या खाली गॉल्ट क्ले, निळसर करडी चिकणमाती. बेटावरची माणसं तिला ब्लू स्लिपर म्हणतात आणि तिच्यावर एकदा पाय ठेवलात की का म्हणतात ते कळतं. पावसाचं पाणी वरून झिरपत झिरपत मातीपर्यंत येतं, माती ओली होते आणि वरचं सगळं ओझं समुद्राकडे सरकायला लागतं, आणि समुद्र पायथ्याची माती उचलून नेत असतो त्यामुळे त्याला अडवायलाही काही नसतं. २०१४ च्या फेब्रुवारीत नायटन आणि सेंट लॉरेन्समधला अंडरक्लिफ ड्राइव्ह रस्ता तुटला, घरं रिकामी करावी लागली. २०२३ च्या डिसेंबरात बॉनचर्चला मोठी दरड आली आणि लीसन रोड बंद झाला. पश्चिमेकडे मिलिटरी रोड आहे, एकोणिसाव्या शतकात सैन्यासाठी बांधलेला, गाडीतून जायला एवढा देखणा रस्ता मी दुसरा बघितला नाही, एका बाजूला हिरव्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र आणि लांबवर पांढरे कडे, आणि त्या रस्त्याची समुद्राकडची बाजू दर काही वर्षांनी अजून थोडी जवळ येते. ब्लॅकगँग चाइन म्हणून एक अम्युझमेंट पार्क आहे, १८४३ पासून चालू, देशातलं सगळ्यात जुनं, त्यांची जमीन समुद्रात जात राहते म्हणून ते त्यांची खेळणी उचलून मागे मागे नेत आलेत. मला हा पार्क मनापासून आवडतो. समुद्राशी भांडत नाहीत, डायनासोरचे पुतळे उचलतात आणि मागे नेऊन ठेवतात.

आणि फुलपाखरू टिकलंय ते या पडझडीमुळेच. दरड आली की उघडी माती तयार होते. पहिल्या एकदोन वर्षांत त्या उघड्या मातीवर प्लँटेन दाट येतं, कोवळं, उन्हात तापलेलं, आणि फुलपाखराच्या माद्या असली जागा बरोबर शोधून काढतात. मग हळूहळू गवत वाढतं, ब्रॅम्बलचे काटे येतात, गॉर्स येतो, व्हेंटनॉरच्या बाजूला तर व्हिक्टोरियन काळात शोभेला लावलेला होम ओक सगळीकडे पसरलाय (त्याला आवरायला नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेने वरच्या डाउन्सवर, म्हणजे टेकड्यांवर, शेळ्या सोडल्यात, त्या मस्त मजेत असतात, त्यांनाही पगार नाही). सावली आली की माती गार, प्लँटेन मागे पडतं, सुरवंट गेले. तोपर्यंत कुठेतरी शेजारी दुसरी दरड आलेली असली पाहिजे. म्हणजे एक जागा झुडपांत बुडायच्या आत दुसरी उघडी पडायला हवी आणि ती एवढ्या अंतरावर हवी की मादी उडत जाऊन पोचेल. फार वेगाने पडलं तरी पंचाईत, कारण सुरवंट जाळ्यासकट समुद्रात जातात. अजिबात पडलं नाही तरी पंचाईत.

अजिबात पडू नये म्हणून माणूस भिंत बांधतो. आणि का बांधू नये? आमच्याबरोबर मोजायला एक बाई येतात, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत भूगोल शिकवायच्या, आम्ही इंग्रजीत त्यांना नावानेच हाक मारतो पण मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणते. त्यांचं घर या सरकत्या जमिनीवर आहे. हॉलच्या भिंतीला तिरकी भेग आहे, मागचं दार पावसाळी महिन्यांत लागत नाही, इन्शुरन्सवाल्यांशी बोलून बोलून त्या थकल्यात. एकदा बसची वाट बघताना मी विचारलं, "तुम्हाला खाली समुद्राला भिंत झालेली हवीये का नको?" तर म्हणाल्या, "हवीये ना. रात्री पाऊस सुरू झाला की फार हवी असते. सकाळी इथे आले की नको असते." आणि मग पिशवीतून फ्लास्क काढून चहा ओतायला लागल्या. भिंत झाली की पायथा धुपायचा थांबतो, उतार स्थिर होतो, चार वर्षं छान हिरवं दिसतं आणि त्यानंतर तिथे आमच्या फॉर्ममध्ये शून्यच येत राहतं. यात कुणाची बाजू घ्यायची असं मला विचाराल तर जिथे माणसं राहतात तिथे भिंत बांधा, पण जिथे नुसता पार्किंग लॉट किंवा कुणाचा व्ह्यू वाचवायचाय तिथे पडू द्या. पडणं हा त्या जागेचा स्वभावच आहे.

रत्नागिरीची असल्यामुळे असेल, हे सगळं मला परकं वाटत नाही. मिऱ्याचा धूपप्रतिबंधक बंधारा आणि पावसाळ्यातली उधाणं यांच्या बातम्या ऐकत मी मोठी झाले. आणि आमच्याकडचे कातळाचे सडे, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेले, आठ महिने काळेठिक्कर आणि पावसात फुलांनी भरलेले, त्यांच्याकडे बघूनसुद्धा लोक म्हणतात इथे काहीच नाही, इथे काहीतरी करायला पाहिजे. वाइटवरचा हा घसरता उतार बघून येणारा प्रत्येक पाहुणा असंच म्हणतो, की हे जरा नीट करून घ्यायला हवं नाही? खालच्या वाळूत पोरं डायनासोरच्या पाऊलखुणा शोधत असतात (कॉम्प्टनजवळ हॅनोव्हर पॉइंटला खरंच आहेत, ओहोटीला दिसतात), त्या पाऊलखुणा दिसतात त्या पण समुद्राने वरचं खोदून नेलं म्हणूनच.

शून्याचं अजून थोडं सांगायचंय. एखाद्या जागी गेल्या वर्षी भरपूर जाळी असतात आणि यंदा एकही नसतं, पहिल्यांदा असं झालं की फार वाईट वाटतं. पण याच फुलपाखरावर जगातला एक फार गाजलेला अभ्यास झालाय आणि तो वाचल्यावर माझी शून्याची भीती बरीच गेली. फिनलंडच्या नैऋत्येला ऑलंड म्हणून बेटांचा समूह आहे, तिथे हेलसिंकी युनिव्हर्सिटीच्या इल्का हान्स्कींनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून यांची मोजणी सुरू केली. साधारण ४,००० कोरडे गवताळ तुकडे, काही तर अंगणाएवढे, आणि दर वर्षी उन्हाळा संपताना विद्यार्थ्यांची फौज जाऊन प्रत्येक तुकड्यात सुरवंटांची जाळी शोधते. आम्ही इथे मूठभर माणसं मोजक्या उतारांवर धापा टाकतो, आणि तिथे चार हजार! त्यातून जे कळलं ते असं, की एकेका तुकड्यातली वस्ती सारखी मरत असते. एखादा कोरडा उन्हाळा, गुरांनी चरून टाकलं, किंवा नुसतंच नशीब, की वस्ती संपली. पण शेजारच्या तुकड्यातून एखादी मादी येते आणि परत सुरू होतं. म्हणजे बघायचं असतं ते सगळ्या तुकड्यांचं मिळून, किती विझले आणि किती परत पेटले याचा हिशोब, आणि तुकडे एकमेकांपासून फार लांब गेले की तो हिशोब एकदम कोसळतो. २०११ मध्ये हान्स्कींना क्राफोर्ड पुरस्कार मिळाला, नोबेलच्या यादीत न बसणाऱ्या विषयांसाठी देतात तो. २०१६ मध्ये ते गेले, मोजणी चालू राहिली, आणि म्हणूनच २०१८ च्या भयंकर कोरड्या उन्हाळ्यात तिथली संख्या साधारण दहा पटींनी कोसळली हे कळू शकलं. तिथे एक बारीकशी गांधीलमाशी पण आहे, ती फुलपाखराच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर पाळत ठेवून असते आणि पिल्लं बाहेर यायच्या अगदी आधी येऊन त्यांच्यात आपली अंडी घालते, प्रत्येक पुंजक्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शात, सगळ्यांत नाही. का सगळ्यांत नाही यावर लोकांनी पेपर लिहिलेत. मी रात्री एक वाजता हे वाचत बसले होते.

तर एका उताराचं शून्य म्हणजे लगेच रडायचं कारण नाही. शेजारच्या उतारावर काय चाललंय ते बघायचं. लागूनच्या सगळ्या उतारांवर शून्य आलं तर मात्र रडायचं, आणि या बेटावरची एकूण रांग गेल्या काही दशकांत आखूड होत आलीये यात काही शंका नाही.

आता नावाची बाई. हे फुलपाखरू जिच्यावरून ओळखलं जातं ती एलिनॉर ग्लॅनव्हिल, जन्म १६५४, सॉमरसेटमधली श्रीमंत जमीनदारीण. त्या काळात बाईने किडे गोळा करणं म्हणजे काय असेल विचार करा. लंडनमधल्या जेम्स पेटिव्हर नावाच्या औषधविक्याला (आमच्याच धंद्यातला!) ती नमुने पाठवायची, हे फुलपाखरू तिने लिंकनशरमध्ये पकडलं होतं. दुसरा नवरा भयंकर निघाला, मारहाण, इस्टेटीवर डोळा, पोरांना तिच्याविरुद्ध फितवणं, सगळं. म्हणून तिने मृत्युपत्रात बहुतेक इस्टेट पोरांना न देता एका चुलतभावाला दिली. १७०९ मध्ये ती वारली आणि मुलगा कोर्टात गेला, की आई वेडी होती. शेजारीपाजारी येऊन साक्षी देऊन गेले, ही बाई कुंपणाखाली चादर अंथरायची, काठीने झाडं झोडपायची आणि खाली पडलेले किडे गोळा करून घरी न्यायची, शहाणं माणूस असं करतं का? कोर्टाने मृत्युपत्र रद्द केलं. झाडं झोडपून खाली अंथरलेल्या चादरीवर किडे गोळा करणं ही आजही सर्व्हेची चालू पद्धत आहे, फक्त आता ती करताना अंगावर हाय-व्हिज जॅकेट असतं त्यामुळे कुणी काही बोलत नाही. आईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "बघ हो, तू पण जपून."

व्हेंटनॉरला गेलात तर अजून एक गोष्ट आठवावी अशी आहे. गांधीजी लंडनला बॅरिस्टरी शिकत असताना इथे आले होते, आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. घरमालकिणीची पंचविशीतली मुलगी त्यांना टेकड्यांवर फिरायला घेऊन गेली, ती पुढे भराभर चाललेली, बडबड करतेय, हे मागे हो-नाही करत, आणि उतरताना ती उंच टाचांचे बूट घालून बाणासारखी खाली गेली आणि हे वरच, मग कसेबसे बसत, सरपटत खाली पोचले आणि ती हसत होती. याच व्हेंटनॉरला शाकाहाराच्या सभेत त्यांना लिहून आणलेलं भाषण वाचता येईना, पाय लटपटले, शेवटी सोबतच्या मजमुदारांनी वाचून दाखवलं. त्या टेकड्या मी चढून उतरलेय, त्या माणसाबद्दल मला नितांत सहानुभूती आहे. गाव छान ऊबदार आहे, मागच्या टेकडीमुळे उत्तरेचा वारा लागत नाही, म्हणून छातीच्या रोग्यांचं मोठं हॉस्पिटल इथे होतं, मार्क्ससुद्धा हवापालटासाठी येऊन राहिला होता. हॉस्पिटल १९६४ मध्ये बंद पडलं, त्या जागेवर आता बोटॅनिक गार्डन आहे. टीबीच्या पेशंटना जे ऊन हवं होतं तेच आमच्या सुरवंटांना हवंय.

मे महिन्याच्या मध्यापासून कोषातून फुलपाखरं निघायला लागतात आणि मग दुसरं काम, ट्रान्सेक्ट. ठरलेली वाट, ठरलेला वेग, आणि स्वतःभोवती एक काल्पनिक खोका धरायचा, दोन्ही बाजूंना अडीच अडीच मीटर, पुढे पाच मीटर, वर पाच मीटर, त्या खोक्यात आलेलंच मोजायचं. बाहेर कितीही सुंदर काही गेलं तरी ते धरायचं नाही. पावणेअकरा ते पावणेचारच्या मधे चालायचं, १३ डिग्रीच्या खाली नाही, पावसात नाही, जोराच्या वाऱ्यात नाही, १ एप्रिल ते २९ सप्टेंबर, दर आठवड्याला. अर्नी पोलार्डनी सत्तरच्या दशकात हंटिंग्डनजवळ मंक्स वुडला ही पद्धत बसवली आणि १९७६ पासून देशभर तीच चाललीये. मी दर आठवड्याला येऊ शकत नाही, बाई येतात, मी त्यांच्या सुट्टीत बदली असते. फुलपाखरू उडतं ते आधी थोडे भराभर पंख हलवून आणि मग तसंच पंख पसरून तरंगत, जमिनीला लागून, गुलाबी थ्रिफ्टच्या फुलावर क्षणभर टेकणार आणि पुढे. एप्रिलमध्ये ज्यांना वाकून वाकून मोजलं ते हेच, हे मनाला पटवून द्यायला थोडा वेळ लागतो. जुलै उजाडेपर्यंत संपतंही. फार गरम वर्षी ऑगस्टमध्ये थोडी दुसऱ्यांदा येतात, एरवी पानाच्या खाली अंडी आणि परत पहिल्यापासून.

कुणाला बघायचंच असेल तर मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात या, उन्हाचा दिवस बघून, अकरा ते तीनच्या दरम्यान. कॉम्प्टन बे सगळ्यात सोपं आहे, नॅशनल ट्रस्टचं पार्किंग आहे. कड्यावर चढू नका, कड्याच्या अगदी खाली सावलीत चटई टाकून तर अजिबात बसू नका (दर वर्षी कुणीतरी बसलेलं असतं), भरतीची वेळ आधी बघून ठेवा. थ्रिफ्ट आणि पिवळ्या बर्ड्स फूट ट्रेफॉइलच्या फुलांपाशी पाच दहा मिनिटं उभे राहा, पाठलाग करू नका, तेच येतं. रविवारी बस कमी असतात. आणि दिसलं तर खालच्या बाजूचा फोटो काढा, वरचा सगळेच काढतात, आणि लोकेशन चालू ठेवून आयरेकॉर्ड या वन्यजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर टाका. नाही दिसलं तरी मला कळवा, कुठे आणि किती वाजता उभे होतात ते.